गेमचं नाव आधीच कुणीतरी घेतलंय? आधी मेल टाक
अरे, तुझ्या 'शॅडो'वाल्या गेमचं नाव आधीच दुसऱ्या कुणाच्या गेमला आहे म्हणून लगेच भांडायला जाऊ नकोस, समोरचाही तुझ्यासारखाच रात्री जागून कोड लिहिणारा एकटा माणूस असणार. आधी बघ नाव पब्लिकमध्ये पहिलं कुणी आणलं, स्टीमवरचं (गेम विकायची साइट) पेज, डेमो, ट्रेलरची तारीख, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेव, कारण आपल्या 1999च्या ट्रेडमार्क कायद्यात नुसतं रजिस्ट्रेशन नाही, आधीपासूनचा वापरही धरतात. आयपी इंडियाच्या, म्हणजे सरकारी ट्रेडमार्क ऑफिसच्या साइटवर क्लास 9 (सॉफ्टवेअर) आणि 41 (मनोरंजन) मध्ये सर्च मार, फुकट आहे. मग साधा मेल, माझा गेम याच नावाने येतोय, तुमचा काय प्लॅन, एवढंच, वकिली भाषा अजिबात नको. बऱ्याचदा एकजण नावामागे सबटायटल, म्हणजे जास्तीचे एक-दोन शब्द जोडतो आणि विषय संपतो. स्टीमला दोन सारखी नावं चालतात म्हणा, पण सर्चमध्ये तूच हरवशील. समोर मोठी कंपनी असेल तर मात्र हट्ट सोड, 'प्रे फॉर द गॉड्स'वाल्या छोट्या टीमला 'प्रे' नावाचा गेम असलेल्या झेनीमॅक्स कंपनीमुळे 2017 मध्ये नावाचं स्पेलिंग बदलावं लागलं. आणि खरं सांगू, तुझा गेम सदाशिव पेठेतल्या वाड्यात घडतो, मग नावात 'शॅडो' कशाला हवंय, ढिगाने आहेत तसले. जे ठरेल ते मेलवर लेखी घे, फोनवर नको.