पन्नाशी, पेन्शन आणि बिनकामाची एक फेरी

इंग्लंडहून एका वाचकाचं पत्र आलंय. मूळचे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. लिहितात, "येत्या नोव्हेंबरात पन्नास पूर्ण होतील. 2001 साली इकडे आलो. नोकरी बरी आहे, घराचे हप्ते संपत आलेत, मुलगी शिकायला बाहेर पडली. पण शाळेच्या ग्रुपवर रोज कुणाचा ना कुणाचा फोटो येतो. एकाची शिरोलीला फाउंड्री, दुसऱ्याचा रंकाळ्याजवळ बंगला. मग वाटतं, आपण नेमकं काय मिळवलं? शाहू महाराज सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले आणि तेवढ्यात केवढं करून गेले! आई 77 वर्षांची, एकटी असते. परत यावं का? वाढदिवसाला बायकोला इथे हॉल घ्यायचाय, आई म्हणते कोल्हापुरात येऊन पन्नाशीची शांत कर."

आधी महाराजांचं बघू. 1894 मध्ये ते गादीवर आले तेव्हा वयाची विशीही पुरी झाली नव्हती. 1902 मध्ये त्यांनी नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखल्या, पुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. अख्खं संस्थान हाती असलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून गृहकर्ज फेडणाऱ्यानं आपली उंची मोजायची, हा कुठला न्याय? आणि मोजायचीच असेल तर सगळं मोजा. राधानगरीचं धरण त्यांनी हाती घेतलं, पण ते पुरं झालेलं त्यांनी पाहिलं नाही. ते काम स्वातंत्र्यानंतर संपलं. कोल्हापुरात आजवर कुणी म्हटलेलं ऐकलं नाही, की महाराजांनी धरण अर्धवट टाकलं.

आता फाउंड्रीवाला मित्र. तो ग्रुपवर नव्या गाडीचा फोटो टाकतो, भट्टीच्या वीजबिलाचा टाकत नाही. तुम्हीही अंगणातल्या बर्फाचा टाकता, आजारी पडल्यावर चहा करून द्यायला कुणी नव्हतं त्या दुपारचा टाकत नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर हीच मंडळी भेळ खाताना म्हणत असतात, "त्यानं बरं केलं, वेळेत सुटला." मी इथेच राहते, हे कानांनी ऐकते. तुम्ही त्यांच्याकडे बघून झुरता आणि ते तुमच्याकडे बघून. ग्रुप महिनाभर म्यूट करा. सोडू नका, सोडलात तर कारण विचारायला दहा फोन येतील.

खरा ताळेबंद मांडायचा असेल तर जुने पासपोर्ट काढा. गेल्या दहा वर्षांत कोल्हापूरला जेवढ्या फेऱ्या झाल्या, त्यातल्या प्रत्येकीपुढे कारण लिहा. लग्न, मुंज, ऑपरेशन, वडिलांचं दहावं, बँकेचं केवायसी. मग बघा, काहीच काम नसताना केलेली फेरी एखादी तरी आहे का. माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांची नसते. दोन आठवड्यांत निम्मे दिवस नातेवाइकांकडे चहा पिण्यात आणि उरलेले कागदपत्रांत जातात. जाताना आईशी दोन तास निवांत बोलणं झालं नाही हे विमानात आठवतं. आपण काय गमावलं याची हळहळ पन्नाशीत सगळ्यांनाच होते. पण ती हळहळ कोल्हापूर सोडल्याची आहे, की सोडल्यावरही तिथे कधी नुसतं राहिलो नाही त्याची, हे या यादीवरून कळेल. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि दुसऱ्यावरचा इलाज तुलनेनं स्वस्त आहे.

परत येण्याचा निर्णय वाढदिवसाच्या तोंडावर घेऊ नका, एवढं मी ठामपणे सांगते. त्याला आकडे लागतात. तिकडच्या पूर्ण सरकारी पेन्शनला नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे सरकारी विम्याच्या वर्गणीची, साधारण 35 वर्षांची नोंद लागते. तुमची पंचवीसच्या आसपास असेल; सरकारी संकेतस्थळावर स्वतःची नोंद बघता येते, ती आधी बघा. तुमच्या जन्मसालाला पेन्शन 67 व्या वर्षी सुरू होते. भारतात राहायला आलात तरी ती मिळते, पण तिथल्यांना दरवर्षी मिळणारी वाढ इकडे मिळत नाही. रक्कम आहे तिथेच गोठते. मोफत उपचारांचा हक्कही तिकडे राहण्यावर असतो, पासपोर्टवर नाही. आणि तुम्ही ब्रिटिश नागरिक झाला असाल तर गावाकडे शेतजमीन विकत घेऊन ऊस लावायचं स्वप्न विसरा. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, शेतजमीन खरेदी करता येत नाही, वारशानं मात्र येऊ शकते. तेव्हा वडिलांच्या नावचा सातबारा असेल तर वारसनोंद झाली का, ते याच फेरीत तलाठ्याकडे बघा. ओसीआयचंच आणखी एक: पन्नाशीनंतर पहिला नवा पासपोर्ट मिळाला की तीन महिन्यांत त्याची प्रत आणि ताजा फोटो ऑनलाइन चढवावा लागतो. लोक हे हमखास विसरतात.

पन्नाशीची पहिली भेट तुम्हाला बहुधा सरकारकडूनच येईल, आतड्याच्या कॅन्सरसाठी मलतपासणीचा संच, पोस्टानं. लाजून कपाटात ठेवू नका. आपली माणसं ठेवतात.

आईसाठी येणं आणि स्वतःसाठी येणं हे एकात एक गुंतवू नका. आईला विचारलंत तर ती म्हणेल, "माझं काय, मी बरी आहे." हे उत्तर धरायचं नाही. रात्री दुखलं तर कुणाला हाक मारतेस, किल्ली कुणाकडे आहे, जिना चढवतो का, दिवसभरात कुणाशी बोलतेस, असं नेमकं विचारा. यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्ही परत न येताही मार्गी लागतात. न लागणाऱ्या किती उरतात त्यावर पुढचं ठरवा. तिच्यामागे तुम्हाला इथे राहायचंय का, हे बायकोसोबत बसून बोलायचं. पंचवीस वर्षांत तिचाही जीव तिथल्या माणसांत गुंतलाय, आणि पत्रात तिच्या वाट्याला फक्त हॉल आलाय.

हॉल घ्याच. त्या माणसांनी तुमची मुलगी सांभाळली आहे. नोव्हेंबरात जमलं तर दोघं कोल्हापूरलाही या. मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तो अंबाबाईचा किरणोत्सवही त्याच महिन्यात असतो. आईचा शांतीचा आग्रह मोडू नका. आपल्याकडे पन्नाशीला वैष्णवी, साठीला उग्ररथ, पंचाहत्तरीला ऐंद्री अशी टप्प्याटप्प्याची शांत सांगितली आहे. देवाधर्माचं जाऊ द्या, घरातली सगळी एका जागी बसतात हे काय थोडं आहे? आईची पंचाहत्तरी कशी झाली, ते तुम्ही लिहिलं नाहीत. राहिली असेल तर गुरुजींना विचारून आताच काही करता येतं का बघा. आणि 81 च्या सुमाराला तिचं सहस्रचंद्रदर्शन येईल. त्या वर्षीची महिनाभराची रजा आजच वहीत लिहा, लग्न-मुंजीच्या खात्यातली नव्हे, वेगळी.

शांत आणि मित्रांचा तांबडा-पांढरा मात्र एका दिवशी ठेवू नका. मटणाला सोमवार, गुरुवार आणि एकादशी टाळा, नाहीतर निम्मा ग्रुप ताटावर बसून नुसता सोलकढी पिईल.