‘हिंदू’ आणि बँकेचा हप्ता

प्रश्न असा आलाय: फारशीत ‘हिंदू’ म्हणजे मुळात चोर किंवा गुलाम, हे खरं का?

नाही! भाषणांतून हे इतक्या छातीठोकपणे ठोकून दिलं जातं की ऐकून चीड येते. फारशी कवितेत काळा, गुलाम, लुटारू हे अर्थ आहेत, कबूल. चौदाव्या शतकातला हाफिज शिराझच्या सुंदरीच्या ‘हिंदू’ तिळावरून समरकंद-बुखारा ओवाळून टाकतो, तो काळ्या तिळावरून. पण त्याच्या सुमारे १९०० वर्षं आधी इराणचा सम्राट दारयवहू (डरायस) याच्या शिलालेखांत ‘हिंदुश’ आहे, आणि तिथे ते त्याच्या एका प्रांताचं नाव आहे. सिंधूकाठचा मुलूख, बस्स.

आता माझ्या आवडीचं. जुन्या इराणी भाषांत ‘स’ स्वराआधी आला की त्याचा ‘ह’ होई. सोमाचा हओम, असुराचा अहुर, सप्तचा हप्त. या हप्तचं फारशीत झालं ‘हफ्त’, त्यावरून सात दिवसांचा ‘हफ्ता’, आणि तोच आपला हप्ता. सहस्रची इराणी जुळी बहीण ‘हजार’. म्हणजे ‘घराचा दहा हजारांचा हप्ता’ म्हणताना सिंधूची हिंदू करणारा बदल आपण एका दमात दोनदा उच्चारतो. हप्ता महिन्याचा झाला तरी त्याच्या पोटातले सात अजून तिथेच आहेत.

यावर ठरलेली शंका येते: मग ‘पारस’ या इराणच्या जुन्या नावाचं ‘पारह’ का नाही झालं? कारण तो ‘स’ वेगळा. इराणीतला असा ‘स’ आपल्या ‘श’च्या जागी येतो. शतचं अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, सत, अश्वचं अस्प. आणि ‘त’च्या आधीचा ‘स’ जागचा हलतच नाही. हस्त आणि ‘दस्तऐवज’मधला दस्त (तोही हातच) शेजारी ठेवून पाहा.

‘हीनं दूषयति इति हिंदु’, म्हणजे हीनाला दूषण देतो तो हिंदू, ही व्युत्पत्ती शब्दकल्पद्रुम या संस्कृत कोशात मेरुतंत्र नावाच्या तंत्रग्रंथाच्या आधाराने छापली आहे. त्याच मेरुतंत्रात इंग्रज आणि लंडनवाले येतात! एवढ्या मोठ्या कोशाने असला अर्वाचीन आधार घ्यायलाच नको होता.

आणि ‘स’ शाबूत राहिलेली सिंधू हवी असेल तर स्वयंपाकघरात जा. आजीच्या फडताळात पादेलोणाशेजारी गुलाबी खड्यांची बरणी असायची. उपासाच्या दिवशी एक खडा खलबत्त्यात कुटला जाई. सैंधव, म्हणजे सिंधुदेशातलं. त्याचंच मराठी रूप शेंदेलोण.