पाळीतील वेदनांवर गोळी घ्यावी की शेक? संशोधन काय सांगते?

शिक्षणासाठी कोल्हापुरात राहणाऱ्या आपल्या मुलीने पाळीच्या दिवसांत गोळी घ्यावी की नुसते शेकावे, असे आपण विचारले आहे. गर्भाशयाच्या अस्तरात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यामुळे स्नायू जोराने आवळले जातात आणि कळा येतात. आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे ते द्रव्य तयार होण्यालाच आळा घालतात, म्हणून कळ असह्य होईपर्यंत थांबण्यापेक्षा ती सुरू होताच, काही खाऊन गोळी घेणे अधिक उपयोगी ठरते. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) ८० चाचण्या आणि ५८२० स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा ही औषधे पॅरासिटामॉलपेक्षा सरस दिसली. मात्र आम्लपित्त, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत.

शेकाला घरगुती म्हणून कमी लेखू नये, असे मला मनापासून वाटते. २००१ मधील एका चाचणीत ओटीपोटावर सुमारे ३९ अंशांचा सौम्य शेक सलग बारा तास दिला असता आयबुप्रोफेनच्या तोडीचा आराम मिळाला आणि दोन्ही एकत्र दिल्यावर तो लवकर जाणवला. वसतिगृहात गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून वापरता येईल.

दर महिन्याला वेदना वाढत असतील, पाळीव्यतिरिक्तही दुखत असेल किंवा गोळीने उतार पडत नसेल, तर एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखे आवरण गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या विकाराची) शक्यता तपासण्यासाठी कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयातील किंवा जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.