ज्यू व्हायचंय, पण रब्बीच ‘नको’ म्हणतात

“मॅडम, मी धर्म बदलायला तयार आहे, तरी तेच टाळतात. माझ्यात काही कमी आहे का?” ज्यू धर्म स्वीकारू पाहणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. ठाण्यात बँकेत नोकरी करणारी ही मुलगीही माझ्याकडे तीच घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) होणारा नवरा बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, निम्मे नातेवाईक इस्राएलात, अश्दोदला. तिने परदेशातल्या एका रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं की घाई करू नका, नीट विचार करा. इकडे हॉल डिसेंबरचा ठरलेला.

तो नकार नव्हता, रीत होती. ज्यू परंपरा कुणाला धर्मात ओढत नाही. बिगर-ज्यूने नोआहचे सात नियम, म्हणजे सगळ्या माणसांसाठी सांगितलेले मूळ नियम, पाळले तरी पुरे, असं ती मानते. (त्यात मूर्तिपूजा नको हाही एक आहे, ते लपवून उपयोग नाही.) तलमुदात, म्हणजे ज्यूंच्या प्राचीन धर्मशास्त्राच्या ग्रंथात, सांगितलंय की येणाऱ्याला आधी विचारावं, तू काय पाहून आलास, हे लोक किती छळलेले आहेत ते ठाऊक नाही का? ‘ठाऊक आहे, आणि मी त्या योग्यतेचा नाही’ असं जो म्हणेल त्याला लगेच घ्यावं. मग काही सोपे नियम सांगावेत, काही अवघड. बायबलमधल्या नाओमीने सून रूथला परत जा, परत जा म्हणून विनवलं, त्यावरून तीनदा परतवायचा प्रघात पडला.

आम्ही त्यातले अवघड नियमच आधी घेतले. शब्बाथ, म्हणजे काम बंद ठेवायचा आठवड्याचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो, तो शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत. बँकेला दुसरा-चौथा शनिवार सुट्टी; बाकीच्या शनिवारांचं काय? मटणाबरोबर दूध-दही नाही, पण ते तिला सासरी आधीच कळलं होतं. तिथे रस्सा नारळाच्या दुधातच होतो. या सगळ्यावर ती भराभर ‘जमेल’ म्हणत गेली.

अडली ती गणपतीपाशी. धर्मांतरितानेही जन्मदात्या आईवडिलांचा मान ठेवावा, असं ज्यू धर्मशास्त्र सांगतं. माहेरी जाता येईल, आईच्या पाया पडता येईल. पण आरतीला उभं राहणं, नैवेद्य दाखवणं नाही. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “हे मला आईला सांगवणार नाही. आणि खरं सांगू, मलाही सोडवणार नाही.”

मग विचारलं, हे लग्न नसतं तर ज्यू व्हावंसं वाटलं असतं? “नाही.” इतकं सरळ उत्तर मला क्वचित मिळतं.

लग्नासाठी धर्म बदलायची कायद्याने गरजच नाही. 1954चा विशेष विवाह कायदा आहे. 30 दिवसांची नोटीस द्या, दोघं आपापल्या धर्मात राहून लग्न करा. सिनेगॉगमधलं, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळातलं, पारंपरिक लग्न मात्र त्यात मिळत नाही, आणि आई ज्यू नसेल तर सनातनी ज्यू मुलांना ज्यू मानत नाहीत. अमेरिकेतल्या रिफॉर्म या सुधारणावादी ज्यू पंथाने 1983मध्ये वडिलांकडूनही वारसा धरला, पण तो सगळ्यांना मान्य नाही. इस्राएलच्या परतीच्या कायद्यात, म्हणजे ज्यूंना तिथे येऊन नागरिक व्हायचा हक्क देणाऱ्या कायद्यात, 1970पासून ज्यूची पत्नी आणि मुलं येतात. नागरिकत्व वेगळं, आणि तिथल्या रब्बींनी ज्यू मानणं वेगळं.

जे खरंच ओढीने येतात त्यांना मी सांगते, तारीख ठरवून येऊ नका. अभ्यासालाच वर्ष किंवा त्याहून जास्त जातं. मग तिघांचं धर्मपीठ, म्हणजे बेथ दीन, आणि मिकवेतलं, म्हणजे धार्मिक शुद्धीच्या कुंडातलं, स्नान, पुरुषांना सुंता. कोणत्या पंथाकडून करता ते आधी ठरवा, कारण एकाचं धर्मांतर दुसरा मानेलच असं नाही. भारतात आणखी दोन गोष्टी वकिलाला विचारा: अनुसूचित जातीचा दर्जा ज्यू झाल्यावर राहत नाही, आणि धर्मांतरानंतर झालेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या वारशात अडचण येते. हे कुठलाच प्रियकर सांगत नाही, कारण त्यालाही ठाऊक नसतं.

तिने डिसेंबरची तारीख तशीच ठेवली, हॉलही. फक्त सकाळी विवाह नोंदणी कार्यालयात सह्या. शुक्रवारी संध्याकाळी ती सासूबाईंबरोबर शब्बाथच्या दिव्यांना हजर असते, गणपतीत माहेरी. सासूबाईंना नातवंडांची काळजी आहेच, आणि ती खोटी नाही. पुढच्या महिन्यात तिघं मिळून येणार आहेत.