खोडून बघा, कर्ता सापडेल

प्रश्न : ‘द लिस्ट ऑफ नेम्स आर ऑन द टेबल’ हे वाक्य चूक का? नावं तर पुष्कळ आहेत.

उत्तर : नावं शंभर असोत, यादी एकच आहे. कर्ता ‘लिस्ट’, म्हणून ‘इज’. ‘ऑफ नेम्स’ ही प्रेपोझिशनल फ्रेज. ती प्रेपोझिशनपासून (ऑफ, टू, इन असा शब्द) सुरू होते आणि त्याच्या नामापाशी किंवा सर्वनामापाशी संपते. तिच्यातलं नाम सहसा कर्ता होत नाही, पण क्रियापदाला खेटून बसलेलं असल्यामुळे फसवतं. ‘द कीज टू द कपबोर्ड इन माय रूम’ एवढं लिहून झालं की हात आपोआप ‘इज’कडे जातो. पेन्सिलीने ‘टू द कपबोर्ड’ आणि ‘इन माय रूम’ खोडा. उरतं ‘द कीज’, म्हणजे ‘आर मिसिंग’. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ला ‘इज’ लागतं तेही यामुळेच.

मात्र सम, मोस्ट, ऑल, हाफ यांच्यापुढे ‘ऑफ’ आलं तर खोडू नका. तिथे फ्रेजमधलं नामच क्रियापद ठरवतं : ‘मोस्ट ऑफ द वॉटर इज’, पण ‘मोस्ट ऑफ द बॉटल्स आर’.

प्रश्न : प्रेपोझिशनल फ्रेज नामाशी जोडलेली की क्रियापदाशी, हे कसं ओळखायचं?

उत्तर : ‘कुठे?’ विचारून भागत नाही, दोन्हीकडे उत्तर तेच येतं. नामाच्या जागी सर्वनाम घालून पाहा. ‘आय नो द मॅन इन द कॉर्नर’चं ‘आय नो हिम’ होतं. फ्रेज नामाची होती, त्याच्याबरोबर गेली. ‘शी पुट द लॅम्प इन द कॉर्नर’चं ‘शी पुट इट’ केलं तर वाक्य लंगडं पडतं. इथे ती क्रियापदाची. ‘ही वॉच्ड द गर्ल विथ द बायनॉक्युलर्स’मध्ये मात्र दोन्ही अर्थ बसतात. दुर्बीण मुलीकडे असेल तर सरळ ‘हू हॅड बायनॉक्युलर्स’ लिहावं.

प्रश्न : ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ का चालत नाही? ‘टू’नंतर मूळ क्रियापद येतं ना?

उत्तर : प्रत्येक ‘टू’नंतर नाही. ‘टू’पुढे ‘इट’ (it) हे सर्वनाम ठेवून पाहा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ बरोबर वाटतं, म्हणजे हा ‘टू’ प्रेपोझिशन आहे. त्याला नाम किंवा आयएनजी रूप लागतं : ‘टू मीटिंग यू’. ‘आय वॉन्ट टू इट’ जमत नाही, म्हणून तिथे ‘टू मीट’. ‘आय ॲम यूज्ड टू वेकिंग अर्ली’ म्हणजे लवकर उठायची सवय आहे. ‘आय यूज्ड टू वेक अर्ली’ म्हणजे पूर्वी उठत होतो, आता नाही.