घोडा दिला तरी ड्रॉ कसा?

प्रश्न: माझं रेटिंग 1480, समोरच्या काकांचं 1830. बुद्धिबळाचा करस्पॉन्डन्स डाव (दूर बसून एकेक चाल पाठवत खेळायचा), एका चालीला तीन दिवस, असा अडीच महिने चालला, निम्म्या चाली मी लोकलमध्ये उभ्याउभ्याच ठरवल्या. मी काळ्याकडून. शेवटी माझा घोडा आणि त्यांचा काळ्या घरांतला उंट नि दोन प्यादी उरली. मी घोडा देऊन जी (g) या उभ्या पट्टीतलं प्यादं मारलं, त्यांचं ए पट्टीतलं राहिलं, माझा राजा ए8 च्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि काकांनी ड्रॉ ऑफर केला. मित्र म्हणतो अख्खा उंट जास्त होता, दया केली त्यांनी. वर म्हणे डाव चालू असताना पुस्तक बघितलंस म्हणजे चीटिंग. खरं काय?
एक वाचक, विक्रोळी

उत्तर: दया कसली हो, काकांना जिंकताच येत नव्हतं. प्यादं ए8 ला वजीर होणार, ते घर पांढरं, आणि त्यांचा उंट जन्मभर काळ्या घरांतच फिरणार, मग तुमच्या राजाला त्या कोपऱ्यातून हुसकावणार कोण? फार जोर लावला तर स्टेलमेट (शह नाही, पण चालायला घरही नाही), म्हणजे परत ड्रॉच. तेच प्यादं एच पट्टीत असतं तर एच8 काळं घर, उंटाने शह देऊन राजाला बाहेर काढलं असतं आणि तुम्ही हरला असता.

पुस्तकाचं म्हणाल तर मित्राला सांगा, करस्पॉन्डन्समध्ये पुस्तकं बघायला सहसा मुभाच असते, त्यातच तर मजा आहे. भानगड इंजिनाची, म्हणजे चाली सुचवणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमची. आयसीसीएफ या करस्पॉन्डन्स बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेत तेही चालतं (म्हणून तिथे वरच्या लेव्हलला जवळजवळ सगळे डाव ड्रॉ होतात, मला तर बघायला कंटाळा येतो), पण बऱ्याच वेबसाइटवर इंजिन लावलं तर अकाउंट बंद, तेव्हा तुमच्या स्पर्धेचा नियम वाचून घ्या.

आणि हो, रेटिंग. 350 चा फरक असला की इलो या रेटिंग मोजायच्या पद्धतीच्या हिशोबाने तुमच्याकडून साधारण 0.12 गुणाची अपेक्षा, ड्रॉमुळे मिळाला अर्धा, म्हणजे के (एका डावात रेटिंग जास्तीत जास्त किती हलेल तो आकडा) 20 धरला तर रेटिंगचे साधारण साडेसात गुण वाढले आणि काकांचे तेवढेच गेले. ते काय दया करतायत!

फक्त एक सांगा, घोडा देण्याआधी त्या कोपऱ्याचा रंग बघितला होता, की घाटकोपरच्या गर्दीत बोट पडलं स्क्रीनवर?