वर्डप्रेस प्लगइनचा डेटा कुठे ठेवायचा?

पहिलंच प्लगइन आहे ना, मग वेगळं टेबल करायची घाई नको. वर्डप्रेसमध्ये आधीच असलेल्या जागा बहुतेक वेळा पुरतात.

सेटिंग्ज ऑप्शन्स टेबलमध्ये, सगळ्या मिळून एकाच ॲरेत. पोस्टशी जोडलेली माहिती पोस्ट मेटामध्ये, म्हणजे त्या पोस्टच्या जादा नोंदींच्या टेबलात. पुन्हा मिळवता येणारा तात्पुरता डेटा ट्रान्झियंटमध्ये, म्हणजे मुदत घालून साठवायच्या जागेत. तो मुदतीआधीही उडू शकतो, हे धरूनच कोड लिहा.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- प्लगइनच्याच फोल्डरमध्ये फाइल लिहिणं. अपडेट होताना तो फोल्डर पुसून नवा टाकला जातो, वापरकर्त्याचा डेटा गेलाच. ही सगळ्यात महागात पडते.
- वाढत जाणाऱ्या नोंदी एका ऑप्शनमध्ये कोंबणं. ऑटोलोड (ऑप्शन आपोआप वाचून घेणं) चालू असेल तर ते ओझं प्रत्येक पानाबरोबर मेमरीत येतं. शिवाय दोन रिक्वेस्ट एकदम आल्या, की दोन्ही जुनाच ॲरे वाचतात आणि नंतर लिहिणारी पहिलीची नोंद घालवते.

नोंदी हजारांत जाणार असतील आणि तारखेने किंवा रकमेने शोधायच्या असतील, तरच स्वतःचं टेबल करा. मेटाच्या व्हॅल्यू कॉलमवर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) नसतो, म्हणून तिथे असा शोध मंदावतो. टेबलाच्या नावाआधी साइटचा प्रीफिक्स (साइटच्या सगळ्या टेबलांच्या नावांना लागणारी सुरुवातीची अक्षरं) लावा. टेबलाच्या रचनेचा आवृत्ती क्रमांक पहिल्या दिवसापासून ऑप्शनमध्ये ठेवा आणि प्लगइन लोड होताना तपासा, कारण अपडेटच्या वेळी ॲक्टिव्हेशन हुक (प्लगइन चालू करताना धावणारा कोड) चालत नाही.

मल्टिसाइटचा (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट) विचार आत्ता बिनधास्त बाजूला ठेवा.